सोडतीची चिठ्ठी आणि भगवंताचा धम्म



आज पौर्णिमेच्या वंदनेनंतर ज्या विषयावर बोलायचे ठरविले आहे, तो कोणत्याही सुत्तात त्या नावाने सापडणार नाही. तो विषय आहे अमेरिकेतील नोकरीच्या परवान्याची सोडत. वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल की विहारात ही कसली चर्चा? परंतु अमरावती-अकोल्याच्या ज्या वस्त्यांत एका पिढीपूर्वी मुलगा बी. ए. झाला तर हार घालून मिरवणूक निघत असे, त्याच वस्त्यांतील मुले-मुली आज परदेशात एम. एस. करीत आहेत. आणि त्यांच्या घरी मार्च महिना आला की कोणाला जेवण गोड लागत नाही. जे दुःख घराच्या उंबऱ्याच्या आत आले, ते विहाराच्या दाराबाहेर ठेवून कसे चालेल? तथागतांनी धम्म सांगितला तो दुःखितांसाठीच.

ज्यांना या गोष्टीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत शिक्षण पुरे झाल्यावर विद्यार्थ्याला एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांपैकी विषय असेल तर आणखी दोन वर्षे. त्यापुढे राहायचे असेल तर कंपनीने त्याचे नाव एच-वन-बी नावाच्या परवान्यासाठी नोंदवावे लागते. हे परवाने वर्षाला ६५ हजार, आणि तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी अधिकचे २० हजार. नावे मात्र लाखांनी येतात. म्हणून मार्चमध्ये नोंदणी होते आणि संगणक चिठ्ठ्या काढतो. मार्च २०२३ च्या नोंदणीत पात्र नोंदी ७ लाख ५८ हजार ९९४ होत्या; त्यांतून १ लाख ८८ हजार ४०० निवडल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये पात्र नोंदी ३ लाख ४३ हजार ९८१, आणि निवड १ लाख २० हजार १४१ नोंदींची. म्हणजे ढोबळ मानाने तिघांत एक. उरलेल्या दोघांची गुणपत्रिका संगणकाने उघडून पाहिली काय? नाही. त्यांनी रात्री जागून केलेला अभ्यास, त्यांच्या साहेबाने दिलेली शाबासकी, यांतले काहीच त्याने पाहिले नाही. शिक्षण संपल्यावर साधारण तीन मार्च हाती येतात. तिन्ही कोरडे गेले की सामान बांधायचे.

असाच एक मुलगा गेल्या वर्षी अकोला जिल्ह्यातील आपल्या गावी परत आला. वडील जिनिंगमध्ये हमाली करून निवृत्त झालेले. मुलाने अमरावतीला अभियांत्रिकी केली, कर्ज काढून तो अमेरिकेत गेला, तिथे पहिल्या वर्गात पास झाला, तीन वर्षे नोकरी केली, आणि तीनही वेळा त्याची चिठ्ठी निघाली नाही. जुन्या कंपनीने पुन्हा नाव घालू असा शब्द दिला आहे, म्हणून तो वाट पाहत बसला आहे. बसला आहे हे अक्षरशः खरे आहे. तो घराबाहेर पडत नाही. त्याची आई मला विहारात भेटली आणि म्हणाली, ‘‘सर, तीनदा चिठ्ठी निंगाली नाही. शेजारची बाई म्हणते साडेसाती हाये. एकजण म्हणते हैदराबादेपाशी देव हाये, तिथं अकरा चकरा मारल्या का व्हिसा भेटते. आमी बुद्धाचे लेकरं, मले समजते. पण पोराचं तोंड पाहवत नाही. सांगा, जाऊ का?’’

या माउलीला कोणी रागावू नये. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत. माणूस बुडायला लागला म्हणजे हाताला लागेल ते धरतो. त्या वेळी त्याला प्रतिज्ञा मोडल्याची नोटीस देणे हे धम्माचे काम नव्हे. धम्माचे काम त्याला धरायला काहीतरी पक्के देण्याचे आहे.

आधी त्या अकरा चकरांचाच हिशेब करू. मी शाळामास्तर आहे, मला फळ्याशिवाय बोलता येत नाही. हैदराबादजवळ चिलकूर येथे जे बालाजीचे देऊळ आहे, त्याला लोक व्हिसा बालाजी म्हणू लागले आहेत. मागणे मागताना ११ प्रदक्षिणा आणि काम झाल्यावर १०८, अशी तिथली रीत. समजा सोडतीत नाव असलेले तीनशे जण तिथे ११ प्रदक्षिणा घालून आले. तिघांत एक या हिशेबाने त्यांतील शंभरांची चिठ्ठी निघणारच होती. ते कुठेही गेले नसते तरी निघणार होती. ते शंभर जण आनंदाने १०८ प्रदक्षिणा घालायला परत जातात, पेढे वाटतात, चारचौघांत सांगतात. आणि ते दोनशे? ते आपापल्या घरी दार लावून बसतात. देवळाच्या आवारात जत्रा दिसते ती फक्त मिळालेल्यांची. न मिळालेल्यांची जत्रा कुठे भरत नाही, म्हणून तिची गणती होत नाही. अकोल्याहून पूर्णामार्गे तिकडे गाडी जाते, तिकीटही फार नाही. पण त्या गाडीने जाऊन संगणकातील एकही चिठ्ठी हलत नाही.

ग्रह-नक्षत्रांविषयी आपल्या जातककथांत एक फार मार्मिक गोष्ट आहे. नक्खत्त जातक हे तिचे नाव. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी सून म्हणून ठरविली. दिवस पक्का झाला. मग त्यांनी आपल्या घरच्या आजीवक गुरूला विचारले, दिवस चांगला आहे ना? आधी विचारले नाही याचा त्या गुरूला राग आला. तो म्हणाला, आज नक्षत्र वाईट आहे. वऱ्हाड निघालेच नाही. इकडे खेड्यातील लोकांनी मांडव घातला, स्वयंपाक केला, वाट पाहिली. आणि शेवटी मुलगी दुसऱ्या स्थळाला देऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी शहरातील मंडळी पोचली ती भांडायला! त्या गोष्टीतील शहाणा माणूस त्यांना एवढेच समजावतो की जे काम हाती घ्यायचे होते तेच तुमचे नक्षत्र होते, तारे त्यात काय करणार? बघा, राग एका माणसाचा आणि नाव नक्षत्राचे. आजही साडेसाती सांगणाऱ्याची दक्षिणा चुकली की साडेसाती लांबते, हे आपण पाहतोच.

यापेक्षाही खोल रुतलेला काटा दुसरा आहे. ‘गेल्या जन्मीचे भोग’ हे शब्द आपल्याही घरात अजून ऐकू येतात. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते की, माणसाला जे काही सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते असे काही लोक म्हणतात, आपले मत काय? भगवंतांनी ते मत मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतूंतील बदल, हेळसांड, अचानक झालेला आघात अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली आणि कर्म हे त्यांतील केवळ एक कारण म्हटले. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का झिडकारला, हे आपल्या लोकांना तरी वेगळे सांगायला नको. ज्या तर्काने आपल्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले, ‘हे तुझ्याच मागच्या पापाचे फळ’ असे सांगून त्यांच्याच तोंडून त्यांचा अपमान कबूल करून घेतला, तोच तर्क आज नातू संगणकाच्या सोडतीला लावीत आहे. ही केवढी शोकांतिका आहे! परवाना कोणत्या देशाने किती द्यायचा हे त्या देशाचा कायदा ठरवितो. ६५ हजारांचा आकडा १९९० च्या कायद्याने घातला. त्या कायद्याचा आणि अकोल्याच्या हमालाच्या पूर्वजन्माचा संबंध कोणता?

आणि मग तिसरा म्हणतो, ‘‘जाऊ द्या, जे व्हायचे तेच होते.’’ हे बोलणे फार समजूतदार वाटते. पण भगवंतांच्या काळी हेच मत मक्खली गोसालाचे होते. सुताचा गुंडा फेकला की दोरा संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसे सर्वांचे ठरलेले आहे. बळ नाही, प्रयत्न नाही, पुरुषार्थ नाही. भगवंतांनी त्या काळच्या सर्व मतांत हे मत सर्वांत निकृष्ट ठरविले आणि त्याला उपमा दिली माणसाच्या केसांच्या कांबळ्याची. ते थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, शिवाय दिसायला वाईट आणि वासाला घाण. अकोल्याच्या मे महिन्यात असले कांबळे पांघरून बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. परत आलेला आपला मुलगा आज तेच पांघरून बसला आहे.

भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एक बाण लागला तर शरीराला वेदना होते. पण अज्ञानी माणूस त्यावर शोक करतो, छाती बडवतो, आणि जणू दुसरा बाण आपल्या मनात मारून घेतो. चिठ्ठी निघाली नाही हा पहिला बाण. तो खरा आहे, त्याची वेदना खरी आहे, कर्जाचा हप्ता खरा आहे. धम्म कोणाला दगड व्हायला सांगत नाही. ‘मी नालायक आहे म्हणून निघाली नाही’ हा मात्र दुसरा बाण. तो संगणकाने मारलेला नाही. आणि खरे सांगू? तो पुष्कळदा मुलानेही मारलेला नसतो, आपण मारतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्यात, लग्नात, भीमजयंतीच्या मिरवणुकीत तो दिसला की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘‘मंग, परत कधी जातो?’’ एकदा, दोनदा, दहादा. त्यानंतर त्याने घराबाहेर पडायचे सोडले तर दोष कोणाचा?

आता एक वेगळा प्रश्न. एका तरुणाने मला विचारले, ही सोडत म्हणजे जुगारच नव्हे काय, आणि भगवंतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात तर जुगार वर्ज्य सांगितला आहे! प्रश्न हुशारीचा आहे. माझे मत असे की नाव नोंदविणे हा जुगार नाही. जुगारी फुकटच्या पैशासाठी डाव लावतो; हा मुलगा आपल्या श्रमाला काम मागतो आहे, चिठ्ठीची अट त्याने घातलेली नाही. परंतु नाव नोंदवून झाल्यावर मन मात्र जुगाऱ्याचे होऊ शकते. आपल्याकडे आकडा लावणारे पाहिले आहेत ना? काल लागला नाही, परवा लागला नाही, म्हणून आज लागणारच, असे ते धरून चालतात. तीन वेळा चिठ्ठी निघाली नाही म्हणून चौथ्या वेळी निघण्याचा संभव तसूभरही वाढत नाही. सोडतीला आठवण नसते.

याच ठिकाणी शीलही घसरते. मार्च २०२३ च्या नोंदणीत ४ लाख ८ हजार ८९१ नोंदी अशा माणसांच्या होत्या की ज्यांचे नाव एकाहून अधिक कंपन्यांनी घातले होते. त्यांतील काही नोंदी रास्त असतील. पण संगनमताने संभव वाढविण्याचा प्रकार इतका बोकाळला की २०२४ पासून नियमच बदलला. तेव्हापासून एका माणसाचे नाव कितीही कंपन्यांनी घातले तरी त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्या वाढत नाहीत. असल्या वाटा दाखविणारे दलाल आपल्याही मुलांना भेटतात. खोटा अनुभव दाखवा, कागदावरची कंपनी दाखवा, सगळेच करतात. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण आताच ग्रहण केले. ते फक्त विहारातल्या चटईवर बसण्यापुरते नाही. आणि व्यवहाराने पाहिले तरी, पकडला गेला तर त्याचे पुढचे सगळेच दरवाजे बंद होतात.

वाट कशी पाहावी याचा धडा आपल्याला दुसरीकडे शोधायला नको. बाबासाहेबांनी १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिका गाठली, १९१६ साली ते लंडनला गेले, आणि अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस परतले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. मुभा होती, पैसा नव्हता. सामानातील ग्रंथ ज्या जहाजाने येत होते ते महायुद्धात टॉर्पेडोने बुडाले. करारानुसार बडोद्यास नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईस येऊन शेअरच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक थांबले. कोलंबियाचा पदवीधर शिकवण्या करीत होता!

त्या तीन वर्षांत ते लंडनच्या टपालाची वाट पाहत खिडकीशी बसले नाहीत. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले; पगार दरमहा ४५० रुपये, त्यातील वाटा लंडनसाठी बाजूला पडू लागला. घर रमाईंनी काटकसरीने चालविले. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि त्याच वर्षी जुलैत, साठविलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये घेऊन ते लंडनला रवाना झाले. चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी. १९२३ साली डी. एस्सी. झाली.

भगिनींनो आणि बंधूंनो, या दोन गोष्टी अगदी सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे टाळ्या मिळविण्यासाठी ठीक आहे, पण खरे नाही. बाबासाहेबांचे परत जाणे पैशावर अडले होते आणि पैसा श्रमाने जमविता आला. आपल्या मुलाचे जाणे ज्या सोडतीवर अडले आहे ती श्रमाने जिंकता येत नाही. उलट दार अधिक अरुंद झाले आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी घोषणा काढली की देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीने १ लाख डॉलर भरावेत. तिची मुदत एक वर्षाची ठेवली होती. त्याच वर्षी डिसेंबरात नवा नियम आला, तो २०२६ च्या सोडतीपासून. सर्वांत वरच्या पगारश्रेणीच्या माणसाचे नाव चार वेळा, सर्वांत खालच्या श्रेणीच्या माणसाचे एकदाच. कोवळी उमेदवारी असलेली, पहिल्या पिढीतील आपली मुले कोणत्या श्रेणीत येतात हे तुम्हीच ओळखा. मुलाला शब्द देणारी जुनी कंपनी त्याच्यासाठी इतकी रक्कम भरील काय, हे त्याने तिला स्पष्ट विचारावे. उत्तर लेखी मागावे. आशेवर ठेवणाऱ्या गोड शब्दापेक्षा कडू उत्तर बरे.

मग बाबासाहेबांकडून घ्यायचे ते काय? मुदत घ्यायची. त्यांच्यापुढे चार वर्षांची सीमा होती. आपल्या मुलापुढे कोणी सीमा घातलेली नाही, म्हणून ती त्याने स्वतः घालावी. एक मार्च, फार तर दोन. आणि त्या मुदतीतील प्रत्येक महिन्याला काम असावे. शिक्षकभरतीची वाट पाहण्यात आमच्या पिढीची कितीतरी वर्षे गेली; त्या काळात ज्यांनी शिकवण्या घेतल्या, शेतात राबले, पुढची परीक्षा दिली, ते भरती झाल्यावरही माणसात राहिले. जे नुसते यादी पाहत बसले त्यांतील काही जण यादीत नाव येऊनही हसायचे विसरून गेले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिका म्हणजे सुखावती नव्हे हेही जाता जाता सांगतो. जातीने तिकडेही विमानाचे तिकीट काढले. म्हणून तर सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा ठराव करावा लागला. तरीही ज्याला जायचे आहे त्याने जरूर जावे. आपली मुले जगभर गेली पाहिजेत.

कर्जाविषयी शेवटचे बोलतो, कारण दुसरा बाण पुष्कळदा हप्त्याच्या कागदात गुंडाळून येतो. सिगालाला भगवंतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा आपत्तीसाठी राखून. ज्यांचा मुलगा आज तिकडे नोकरीत आहे त्यांनी हा चौथा भाग आजच बाजूला काढावा. गावी दुमजली घर नंतर बांधता येईल. ज्यांचा मुलगा परत आला आहे त्यांनी बँकेपासून तोंड लपवू नये. हप्ता थकण्यापूर्वी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी, थकल्यानंतर मागणे कठीण जाते.

त्या माउलीला मी हैदराबादला जाऊ नका असे सांगितले नाही. चकरांचा हिशेब तिच्यापुढे कागदावर मांडला. ती बराच वेळ त्या दोनशे जणांच्या आकड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हंजे माह्या पोरासारखे दुसरे बी हायेत.’’ होय, आहेत. अमरावतीत आहेत, बडनेऱ्यात आहेत, मूर्तिजापुरात आहेत, आणि एकमेकांना ठाऊक नाहीत. म्हणून येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या अभ्यासिकेत अशा मुला-मुलींना बोलाविले आहे. परदेशी शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीही यावे. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे तिथे सांगितले जाईल. त्यांनी जाण्यापूर्वी सोडतीचे हे सर्व आकडे नीट समजून घ्यावेत, आणि ते समजावून सांगण्याचे काम परत आलेल्यांनीच करावे. अभ्यासिकेत तीन संगणक आहेत, त्यांपैकी एक बंद आहे. तो दुरुस्त करण्याचे त्या माउलीच्या मुलाने कबूल केले आहे. येताना कर्जाचे कागद आणावेत. आणि तो दिसला तर ‘परत कधी जातो’ हे त्याला कोणीही विचारू नये.

जयभीम. नमो बुद्धाय.